आवक क्रमांक घेतलास का?

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. सात ओळी, त्यात चार वेळा ‘सेटिंग’. सोबत निविदेची पीडीएफ, तुझ्या कागदपत्रांचं बाड आणि शेवटी प्रश्न: ‘काका, सगळं आधीच ठरलेलं असेल तर मी कशाला भरत बसू?’ सकाळी उठून मी ते सगळं छापून घेतलं, शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि फोन उचलायच्या ऐवजी हे लिहायला बसलो. फोनवर मी फार चिडतो. इथेही चिडेन, पण निदान तुला ते पुन्हा काढून वाचता येईल.

आधी माझा प्रश्न. तांत्रिक छाननीत तुला अपात्र ठरवलं. जेमवर, त्या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर, कारण एका ओळीचं आलं, ‘कागदपत्रे अटींनुसार नाहीत’. कुठला कागद, कुठली अट, काही नाही. मग तू काय केलंस? तिथल्या लिपिकाला फोन केलास. तो म्हणाला, बघतो. दोन दिवसांनी पुन्हा केलास. तो म्हणाला, साहेब रजेवर आहेत. तोवर पोर्टलवर हरकत नोंदवायची मुदत सरली. तुझ्यापाशी आता काय आहे? दोन फोन. त्या फोनना तारीख नाही, सही नाही, शिक्का नाही. उद्या तो लिपिक म्हणाला की असा फोन कधी आलाच नव्हता, तर तू काय दाखवणार?

लेखी का विचारलं नाहीस?

या पत्रात हा प्रश्न तुला इतक्यांदा भेटेल की वैताग येईल. येऊ दे. या धंद्यात बत्तीस वर्षं काढल्यावर माझ्यापाशी सांगण्यासारखी एकच गोष्ट उरली आहे. सरकारशी तोंडी काही बोलायचं नाही. जे विचारायचं ते कागदावर, जे द्यायचं ते कागदावर, आणि प्रत्येक कागदाची स्थळप्रत आवक क्रमांकासह आपल्या फाइलला. पोर्टल असेल तर प्रश्न पोर्टलवरच टाक, तिथे तारीख-वेळ आपोआप बसते, तोच तुझा आवक क्रमांक. कार्यालय असेल तर टपाल शाखेत जा, दोन प्रती ने, एकीवर शिक्का मारून घे. शिक्का मारायला ते कुरकुरतात. उभी राहा तिथेच.

आता तुझं बाड. त्यात मला जे दिसलं ते बहुधा छाननी समितीलाही दिसलं असणार. तुझं उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योगाच्या नोंदणीचा कागद, काढ आणि मुख्य व्यवसायापुढे काय लिहिलंय ते वाच. ‘ट्रेडिंग’. वडिलांच्या पश्चात तू तुझ्या नावाने फर्म काढलीस तेव्हा एजंटाने जुन्या अर्जावरून नवा उतरवला असेल, कारण शेवटची काही वर्षं ते तयार माल आणून विकत होते. पण तू आज टेबलं आणि बाकं बनवतेस. स्वतःच्या शेडमध्ये, स्वतःच्या वेल्डरकडून. समितीला तुझ्या शेडमधल्या ठिणग्या दिसत नाहीत. तिला दिसतो तो शब्द. सूक्ष्म व लघुउद्योगांसाठीचं २०१२ चं सार्वजनिक खरेदी धोरण माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना लागू आहे, व्यापाऱ्यांना नाही. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ मध्ये उद्यम नोंदणीत पुन्हा जागा दिली गेली ती फक्त प्राधान्य क्षेत्राच्या कर्जापुरती. तू त्याच प्रमाणपत्रावर, निविदेसोबत भरायच्या बयाणा रकमेची सूट मागितलीस. सूट लागू नाही आणि बयाणाही भरलेला नाही, म्हणजे निविदा बाहेर. यात कुणाचं सेटिंग आहे? असलंच तर तुझ्या एजंटाचं. त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस. उद्यम नोंदणी आणि तिच्यातली दुरुस्ती दोन्ही फुकट आहेत, आधार आणि पॅन घेऊन स्वतः बस.

हा माझा अंदाज आहे, हेही लक्षात घे. खरं कारण तेच सांगू शकतात, आणि तेही लेखी विचारल्यावरच. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत निविदाकाराला आपली निविदा का नाकारली हे विचारायची सोय ठेवलेली आहे. ती तुझ्यासाठीच आहे. तू वापरली नाहीस.

सेटिंगबद्दल बोलू या. नसतं असं सांगून मी तुझी समजूत काढणार नाही. असतं. पण नवख्या माणसाला वाटतं तिथे, दर उघडायच्या खोलीत, ते फारसं नसतं. ते असतं तपशिलात, म्हणजे स्पेसिफिकेशनमध्ये. पत्र्याची जाडी, पायाच्या नळीचा व्यास, कुलपाचा एक विशिष्ट प्रकार असं लिहायचं की एकाच कारखान्याचा साचा जुळावा. नाहीतर अनुभवाची अट अशी घालायची की तीन वर्षांत तेवढं काम फक्त एकाने केलेलं असावं. हे ओळखायला ओळखी लागत नाहीत. वाचावं लागतं. आणि मोडायलाही ओळखी लागत नाहीत, निविदापूर्व बैठकीच्या तारखेआधी चार ओळींचं पत्र लागतं.

मी असं पत्र एकदा दिलं होतं. कपाटांची निविदा होती. त्यात कडेच्या घडीची एक रुंदी मिलिमीटरमध्ये दिली होती, जी त्या कपाटाच्या कामाला कुठेच लागत नव्हती. मी विचारलं, ‘सदर मापाचे कार्यात्मक प्रयोजन काय, आणि समतुल्य माप चालेल का?’ एवढंच. कुणावर आरोप नाही, कुणाचं नाव नाही. आठ दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं, ‘किंवा समतुल्य’. ज्यांनी ते माप घातलं होतं ते माझ्याशी पुढे वर्षभर बोलले नाहीत. आणि काम मला मिळालं नाही, बरं का. तिसऱ्याच एकाला मिळालं, त्याचा दर माझ्यापेक्षा कमी होता. तो मला नंतर भेटला आणि म्हणाला, तुमच्या त्या पत्रामुळे मला भरता आली. मी हसलो, पण घरी येऊन जेवलो नाही. तरीही ते पत्र मी पुन्हा देईन. तू तुझ्या निविदेच्या बावन्नाव्या पानावर बाकाच्या पायाचं जे माप आहे ते वाचलंस का? नाही वाचलंस. तिथेही तसंच काहीतरी आहे असा मला वास येतोय.

आता चाळीस रॅकची गोष्ट. तुझ्या कानावर ती कधी आली असेल, पण अर्धीच.

माझ्याकडे साठ रॅकचा पुरवठा आदेश होता. मार्च महिना. माल उतरवला, मोजून दिला, माल पोचल्याच्या चलनावर सही घेतली. तिथले अधिकारी चांगला माणूस, चहा पाजायचे. म्हणाले, ‘अजून चाळीस लागणार आहेत, निधी आहे, एकतीस तारखेच्या आत आणून टाका, सुधारित आदेश मी काढतो.’ मी काढा म्हटलं आणि कामाला लागलो. अकरा दिवस शेड रात्रीची चालली. चाळीस रॅक तीस मार्चला पोचले. चलनावर सही मागितली तर भांडारपाल म्हणाला, आदेश आला की करतो. एप्रिलमध्ये साहेबांची बदली झाली. नवे साहेब माझ्याशी तितक्याच सभ्यपणे बोलले. ‘आदेश कुठे आहे?’ आदेश नव्हता. ‘मग माल परत घेऊन जा.’ परत न्यायला गेलो तर रॅक फायलींनी भरलेले. त्या फायली कुठे ठेवायच्या हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. रॅक तिथेच राहिले. सहा-सात वर्षांनी एका दुसऱ्याच कामासाठी त्या कार्यालयात गेलो तेव्हा पाहिले, उभे होते. कुठेही गंज नाही, एकही फळी वाकलेली नाही. माझं तोवरचं सगळ्यात चांगलं काम, फुकट दिलेलं. पैशांसाठी दिलेला माझा अर्जसुद्धा त्यातल्याच एखाद्या फळीवर असेल.

त्या साहेबांनी मला फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्यांचा आदेश काढायचा विचार होता, बदली झाली. वाईट माणसापासून सावध राहायला सगळेच शिकवतात. मी चांगल्या माणसाच्या चांगल्या शब्दाने बुडालो.

आणि गंमत बघ, कायदाही माझ्यासारखाच हट्टी आहे. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम वाच. इंग्रजी जड वाटली तर दोन बैठकांत वाच, पण स्वतः वाच. माल दिल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी आक्षेप घेतला नाही, तर माल स्वीकारला असं मानलं जातं. लेखी. तोंडी ‘रंग बरोबर नाही’ म्हणाला तर तो आक्षेप धरत नाहीत. पैसे किती दिवसांत द्यायचे हे लेखी ठरलं असेल तर त्या मुदतीत, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. त्यासाठी सुविधा परिषदेकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे असे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाता येतं; २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल आलं तेव्हापासून घरबसल्या अर्ज करता येतो. परिषदेने तुझ्या बाजूने निकाल दिला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. हत्यार चांगलं आहे. पण ते चालवायला हातात काय लागतं? आदेश, सही-शिक्क्याचं चलन, देयक दिल्याची पोच. माझ्या चाळीस रॅकपाशी यातलं एकही नव्हतं.

आणखी एक, उद्यम नोंदणी पुरवठ्याच्या आधीची असू दे. नंतर काढलेल्या नोंदणीवर मागचं व्याज मागायला गेलीस तर पहिला वाद तिथेच उभा राहील.

जेमवर हे थोडं सोपं झालंय, कबूल करतो. ऑगस्ट २०१६ मध्ये ते सुरू झालं तेव्हा मी नाकं मुरडली होती. आता माल पोचला की खरेदीदाराने पोर्टलवर स्वीकृतीचं प्रमाणपत्र, ते सीआरएसी, काढायचं आणि तिथून दहा दिवसांत पैसे द्यायचे असा नियम आहे. मग अडतं कुठे? त्या प्रमाणपत्रापाशीच. ते काढत नाहीत. फोनवर ‘काढतो’ म्हणतात. तू काय करायचंस हे मी पुन्हा सांगू?

तुझा दुसरा प्रश्न होता, ‘किती टक्के खाली टाकू?’ हा प्रश्न मला आवडत नाही. दर खालून वर बांधायचा असतो. पत्रा, नळी, मजुरी, रंग, वाहतूक, आणि वाहतूक म्हणजे कुठवर तेही बघ. तुझ्या निविदेत माल अकरा ठिकाणी उतरवून द्यायचा आहे, ते परिशिष्टात आहे, तू एकाच ठिकाणचं भाडं धरलंस. मग पैसा अडकून राहील त्याचं व्याज. बयाण्याची सूट मिळाली तरी कामगिरीची सुरक्षा ठेव सूक्ष्म उद्योगालाही चुकत नाही. ती मालाच्या हमीची मुदत संपून साठ दिवस होईपर्यंत जिवंत ठेवावी लागते. बँक हमी देते म्हणून हुरळू नकोस, त्यासाठी तुझीच मुदत ठेव बँक अडकवते. पुरवठ्याला उशीर झाला तर दंड, बहुतेक ठिकाणी आठवड्याला अर्धा टक्का, कमाल दहा टक्क्यांपर्यंत. हे सगळं मांडून जो आकडा येईल, त्याच्या खाली जायचं नाही.

आणि तो आकडा लिहून ठेव. स्वतःशीसुद्धा तोंडी व्यवहार नको. रिव्हर्स ऑक्शनला, म्हणजे दर उतरवत न्यायच्या ऑनलाइन लिलावाला, बसशील तेव्हा कळेल. शेवटच्या मिनिटांत कुणीतरी शंभर रुपये उतरवतो, वेळ वाढते, तू दीडशे उतरवतेस, पुन्हा वेळ वाढते. तासाभरात माणूस विसरतो की तो विकायला बसलाय. मी माझा तळाचा दर पेनाने लिहून, खाली सही करून, टेबलाच्या काचेखाली सरकवायचो. भाचा हसायचा. एकदा मी उठून बाहेर गेलो तेव्हा त्याने माझ्या आकड्याखाली जाऊन काम मिळवलं आणि पेढे आणले. त्या पेढ्यांचे पैसेसुद्धा त्या कामातून सुटले नाहीत.

शिवाय तुला खाली पळायची तितकी गरजही नाही. २०१२ च्या त्याच धोरणात लिहिलंय की सर्वांत कमी दर बिगर-लघुउद्योगाचा असेल आणि तुझा दर त्याच्या १५ टक्क्यांच्या आत असेल, तर त्या दराला येण्याची संधी तुला द्यावी लागते. म्हणजे त्याचे शंभर, तुझे एकशे चौदा, तर शंभरात देणार का हे आधी तुला विचारायचं. काम विभागता येत असेल तर किमान २५ टक्के, विभागता येत नसेल तर सगळं. पण शंभरात परवडतंय का ते काचेखालच्या कागदाला विचारायचं, मला नाही. लघुउद्योगांकडून किती खरेदी करायची याचं उद्दिष्टही त्या धोरणात आहे; आधी ते २० टक्क्यांचं होतं, आता खरेदीच्या २५ टक्के आहे आणि त्यातले ३ टक्के महिला उद्योजकांकडून घ्यायचे आहेत. तू त्यात येतेस. मात्र उड्या मारू नकोस, हे त्या मंत्रालयाचं किंवा उपक्रमाचं वर्षाचं उद्दिष्ट आहे, प्रत्येक निविदेतला तुझा हक्क नव्हे. आणि हे धोरण केंद्राची खाती आणि केंद्रीय सार्वजनिक उपक्रम यांचं आहे. जिल्हा परिषदेत ते फडकवलंस तर हसं होईल. महाराष्ट्र शासनाची खरेदीची नियमपुस्तिका वेगळी आहे, १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची, आणि तिच्यातही नंतर बदल झालेत. निविदा कुणाची हे आधी बघायचं, मग सवलत शोधायची.

अनुभव आणि उलाढालीची सूट मिळते का, हेही प्रत्येक वेळी वेगळं. जेमच्या निविदेत पहिल्याच पानांवर तो रकाना असतो, सूट आहे किंवा नाही. तू ती आहे असं गृहीत धरलंस. गृहीत धरणं म्हणजे स्वतःशीच तोंडी ठरवणं.

तुझ्या मेसेजमधली सहावी ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण तिने माझी सकाळ खराब केली. तो मोठा पुरवठादार तुला म्हणाला, ‘या वेळी आमच्यासाठी सपोर्ट टाका, दर आम्ही सांगतो, पुढच्या कामात तुम्हाला जॉबवर्क देऊ.’ आणि तू मला विचारतेस, ‘अनुभव म्हणून चालेल का?’ अगं, हा अनुभव नाही, ही रिंग आहे, आपसांत दर ठरवून स्पर्धेचा देखावा करायचा. २००२ च्या स्पर्धा कायद्यात निविदांमधलं संगनमत थेट बंद आहे. दंड नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या १० टक्क्यांपर्यंत, दोन्हींत जे जास्त ते, आणि रिंग जितकी वर्षं चालली तितक्या वर्षांचा. त्याला वकील परवडेल, तुला नाही. निविदा कुठल्या संगणकावरून भरली तो आयपी पत्ता पोर्टलवर राहतो, आणि ‘सपोर्ट’वाले हमखास एकाच ऑफिसात बसून सगळ्यांच्या निविदा भरतात, तुझी डिजिटल सही मागून घेतात. ती सही कुणाच्या हातात देऊ नकोस. सीएच्याही नाही. त्या माणसाला सांग, तुमचं म्हणणं ईमेलवर पाठवा. बघ पाठवतो का.

टक्केवारीचंही तेच. मागतील का? काही ठिकाणी मागतील. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. सक्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मी दिली का, असं तू विचारलं नाहीस, पण मनात आलं असेल. पहिल्या चार वर्षांत दोनदा दिली. तेव्हा लग्न नवीन होतं, कर्ज होतं, वगैरे वगैरे. कारणं सगळ्यांपाशी असतात. त्या दोन्ही कामांतून उरलं काहीच नाही, कारण ज्याने एकदा घेतलं तो देयकाच्या वेळी पुन्हा हात पुढे करतो आणि तेव्हा आपला माल त्याच्या ताब्यात असतो. पुढे मी प्रत्येक गोष्ट लेखी मागायला लागल्यावर एक फायदा असा झाला की असे लोक माझ्यापासून आपोआप लांब गेले. कागदाची त्यांना ॲलर्जी असते.

चांगले लोकही लांब गेले, हे मात्र मी कुणाला सांगत नाही.

एक बाई अधिकारी होत्या, अतिशय सचोटीच्या. परीक्षा तोंडावर आलेली, त्यांना टेबलं दोन दिवस आधी हवी होती. स्वतः फोन केला, विनंती केली. मी म्हणालो, पत्र पाठवा. त्या क्षणभर गप्प झाल्या. संध्याकाळी पत्र आलं, नीट, जावक क्रमांकासह. मी टेबलं पोचवली, देयक वेळेत मिळालं, काम समाधानकारक असल्याचा दाखलाही मिळाला. पण नंतर कधी भेटल्या तर नमस्कार करून पुढे जात. माझा भागीदारही याच काळात वेगळा झाला. म्हणाला, ‘तू माणसांशी धंदा करत नाहीस, कागदांशी करतोस.’ मी त्याला उत्तर दिलं होतं की कागदाची बदली होत नाही. वाक्य झकास होतं, तो निघून गेला. मी चुकलो का? नाही चुकलो. ते पत्र नसतं आणि मुदतीवरून लेखापरीक्षणाने त्यांनाच विचारलं असतं तर? मी त्यांनाही वाचवत होतो. हे मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं, एवढं फार तर मान्य करीन.

दाखल्यावरून आठवलं, तो देयक जमा झालं त्याच आठवड्यात मागायचा. साहेब खूश असतात आणि जागेवर असतात. तीन वर्षांनी मोठ्या निविदेला अनुभव जोडायची वेळ येते तेव्हा त्या खुर्चीत तिसरा माणूस असतो. सुरक्षा ठेवही मागितल्याशिवाय परत येत नाही, तारीख भिंतीवर लिहून ठेव. आणि सुरुवात थेट खरेदीच्या लहान ऑर्डरपासून कर. पाच बाकं, दहा खुर्च्या. अकरा ठिकाणी माल उतरवायची निविदा तुझी नव्हतीच. हरलीस ते बरं झालं असं मी म्हणणार होतो, पण ते तुला आज ऐकवणार नाही.

आता ती अर्धी राहिलेली गोष्ट. त्या चाळीस रॅकना रंग तुझ्या वडिलांनी मारला होता. तेव्हा ते माझ्या शेजारच्या गाळ्यात जॉबवर्क करायचे. अकरा रात्री ते माझ्याबरोबर जागले. मी त्यांना कुठलाही आदेश दिला नव्हता, चिठ्ठीसुद्धा नाही. म्हणालो होतो, ‘मारा, पैसे आले की देतो,’ आणि ते म्हणाले होते, ‘बरं.’ पैसे आलेच नाहीत. त्यांनी एकदाही मागितले नाहीत. दोन वर्षांनी माझी गाडी रुळावर आली तेव्हा मी मुद्दल नेऊन दिली. त्यांनी मोजली नाही. व्याजाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. मी लोकांकडून बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागत फिरतो, सुविधा परिषदेत दोनदा जिंकलोही आहे, आणि तुझ्या बापाचे पैसे मी दोन वर्षं बिनव्याजी वापरले. त्यांच्यापाशी कागद नव्हता म्हणून. आणि तो नव्हता हे मला चांगलं माहीत होतं.

त्यांची लाल वही तुझ्याकडे असेल. ते रोजचं काम लिहून ठेवायचे, मला माहीत आहे. उद्या सकाळी आधी त्या कार्यालयाला पत्र लिही, ‘निविदा नाकारण्याचे नेमके कारण कळवावे’, पाच ओळींच्या वर नको. मसुदा मला दाखवायची गरज नाही. ते ईमेलने पाठव, आणि छापील प्रत टपाल शाखेत देऊन शिक्का घे. गुरुवारी उद्यमची दुरुस्ती करायला बसू, तेव्हा ती वही घेऊन ये. त्यात मार्चअखेरीला माझ्या नावाचं पान सापडेल. मला काम संपल्याची तारीख हवी आहे, व्याज तिथूनच मोजावं लागेल.

तुझा,
काका